फॅब्रिकेशनच्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर म्हणून सुरुवात करताना

विदर्भातल्या तालुक्याच्या गावात राहून मेकॅनिकलची पदविका किंवा पदवी घेतलेल्या बऱ्याच मुलामुलींची पहिली नोकरी फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सुरू होते. पत्र्याचे छप्पर असलेली शेड, दोन-तीन वेल्डिंग मशीन, एक गॅसकटर, बाहेर उन्हात पडलेले अँगल आणि चॅनल, आणि कोपऱ्यातल्या खोलीत एक संगणक, असे त्याचे रूप असते. मीही वर्धा जिल्ह्यातल्या अशाच एका खोलीत बसून सुरुवात केली. महाविद्यालयाने मला गिअर आणि शाफ्ट काढायला शिकवले होते. लोखंड कसे कापतात, कसे जोडतात, ट्रकवर कसे चढवतात आणि उभारणी करताना माणसाचा हात कुठपर्यंत पोहोचतो, हे मला पहिल्या दोन वर्षांत चुका करत समजले. त्याच चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून कामाच्या क्रमानेच पायऱ्या लिहितो आहे. पुढे सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीमागे एक चित्र डोळ्यांसमोर ठेवा: तुमचे ड्रॉइंग वाचणारा माणूस शेडमध्ये उभा आहे, त्याच्या हातात टेप आणि खडू आहे, आणि ड्रॉइंगवर जे लिहिलेले नाही ते तो स्वतःच्या अंदाजाने ठरवणार आहे.

१. कोणती कामे येतात आणि केव्हा येतात, हे समजून घ्या

आपल्या भागातली बहुतेक कामे शेतमालाच्या प्रक्रियेतून येतात. हिंगणघाट, वणी, यवतमाळकडे कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, अकोल्याकडे डाळ मिल, भंडारा-गोंदियाकडे राइस मिल आणि वरुड-मोर्शीकडे संत्र्याची प्रतवारी व प्रक्रिया. चंद्रपूरकडे सिमेंट, कोळसा आणि वीज प्रकल्पांची जड कामे असतात, तर नागपूरजवळ बुटीबोरी आणि हिंगणा औद्योगिक क्षेत्रांतून सुटे भाग तयार करून मागणारे कारखाने असतात. त्यामुळे तुमच्या टेबलावर येणारी कामे साधारण ठरलेली असतात: बकेट एलिव्हेटर (माल वर चढवणारे यंत्र), स्क्रू कन्व्हेयर (फिरत्या स्क्रूने माल पुढे ढकलणारे यंत्र), हॉपर (खाली निमुळता होत जाणारा मालाचा डबा), चुट (माल घसरवणारी नाळ), डक्ट (हवेची वाहिनी), यंत्रासाठी प्लॅटफॉर्म, जिने, आणि गोदामाच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे).

कामाचा हंगाम शेतीच्या हंगामाला बांधलेला असतो. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणून दुरुस्त्या आणि नव्या जोडण्या पावसाळ्यात कराव्या लागतात. सप्टेंबरमध्ये आलेल्या प्रत्येक कामाला "दिवाळीआधी पाहिजे" ही अट असते. चालू यंत्राभोवती माप घेता येत नाही. ते हंगाम संपल्यावर मे-जूनमध्येच घेऊन ठेवावे.

२. नोकरीसाठीची कागदपत्रे आणि पहिली तयारी

मूळ गुणपत्रिका, पदविका किंवा पदवीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक पासबुकाची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. शिक्षण संपून फार काळ झाला नसेल, तर अप्रेंटिसशिप कायदा, १९६१ अंतर्गत पदवी आणि पदविकाधारकांसाठी असलेल्या एक वर्षाच्या शिकाऊ प्रशिक्षणाचा विचार अवश्य करा. त्या वर्षाचे प्रमाणपत्र पुढे अनुभव म्हणून दाखवता येते.

या कागदांपेक्षा जास्त उपयोग स्वतः काढलेल्या दोन-तीन ड्रॉइंगचा होतो. गावातल्या एखाद्या जुन्या कैचीचे, पाण्याच्या टाकीच्या स्टँडचे किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे प्रत्यक्ष माप घ्या, त्याचे पूर्ण ड्रॉइंग काढा आणि सोबत मालाची यादी व वजनाचा हिशेब जोडा. मुलाखत घेणाऱ्याला तुमची समज त्यावरून लगेच कळते. आधीच्या मालकाची ड्रॉइंग मात्र नमुना म्हणून कोणालाही दाखवू नका. ती तुमची नसतात. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नका.

३. हाताशी ठेवायची साधने

पाच मीटरचा आणि तीस मीटरचा टेप, व्हर्निअर कॅलिपर, गुण्या, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, कोनमापक, खडू, कायमचा मार्कर आणि कडक पुठ्ठ्याची वही ही साधने स्वतःची असावीत. सुरक्षा बूट, हेल्मेट आणि चष्मा कारखान्याने द्यायचे असतात. पहिल्याच दिवशी मागून घ्या.

संगणकावर ऑटोकॅड आले पाहिजे, कारण प्लाझ्मा किंवा लेझर कटिंगवाला तुमच्याकडे डीएक्सएफ फाइलच (कटिंग यंत्राला वाचता येणारी ड्रॉइंगची फाइल) मागतो. सॉलिडवर्क्ससारखे त्रिमितीय सॉफ्टवेअर येत असेल तर उत्तम. ते नसल्यास विनामूल्य मिळणाऱ्या फ्रीकॅडवर हात बसवता येतो.

भारतीय मानकांपैकी (त्यांच्या क्रमांकाआधी आयएस लिहितात) चार आधी वाचा. आयएस २०६२ मध्ये बांधकामाच्या पोलादाच्या प्रती (ग्रेड) आहेत, आयएस ८०८ मध्ये बीम, चॅनल, अँगल यांची मापे आणि वजने, आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत पोलादी बांधकामाचे नियम, आणि आयएस ८७५ मध्ये भार. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बहुतांश भारतीय मानके विनामूल्य उतरवून घेता येतात. ड्रॉइंगच्या पद्धतीसाठी एसपी ४६ ही पुस्तिका आहे.

४. पहिले काही दिवस संगणकासमोर बसू नका

मालकाला विनंती करून किमान पंधरा दिवस शेडमध्ये फिटर आणि वेल्डरसोबत काढा. मार्किंग कसे करतात, सेंटर पंच कुठे मारतात, टॅक (भाग धरून ठेवणारे वेल्डचे छोटे ठिपके) मारल्यावर कर्ण कसा तपासतात आणि मगच पूर्ण वेल्डिंग का करतात, हे पाहून घ्या. जमल्यास स्वतः एक सांधा वेल्ड करून बघा. आपण कागदावर सहज काढलेल्या अरुंद कोपऱ्यात वेल्डिंगचा होल्डर तिरका करायला किती जागा लागते, हे हाताला कळल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

तिथली भाषाही शिका. आपल्याकडे जाडी अजूनही सुतात बोलली जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. दोन सुती प्लेट म्हणजे ६ मि.मी., चार सुती म्हणजे १२ मि.मी., पाच सुती बार म्हणजे १६ मि.मी. यात गोंधळ होतो तो तीन सुतांपाशी, कारण हिशेबाने ते साडेनऊ मिलिमीटर होतात, बाजारात त्याला कोणी १० देतो, तर कोणी ८ मि.मी.ची प्लेट काढून देतो. ऐकताना सूत ऐका. ड्रॉइंगवर आणि खरेदीच्या चिठ्ठीवर मात्र मिलिमीटरच लिहा.

५. माप स्वतः घ्या

जागेचे माप मिल मालकाने दिलेल्या जुन्या ड्रॉइंगवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून घेऊ नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या पायाची पातळी तेव्हाच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे राहिलेली असेलच असे नाही. पाण्याच्या नळीने प्रत्येक पायाची पातळी घ्या आणि सर्वांत उंच पायापासून इतरांचा फरक लिहा.

पायांचे चौकोन कर्णाने तपासा. ६ मीटर बाय ८ मीटरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण १० मीटर आले पाहिजेत, एक १०.०३ आणि दुसरा ९.९७ आला, तर चौकोन तिरपा आहे आणि तुमची बेसप्लेट (खांबाच्या तळाची, पायावर बसणारी प्लेट) त्याप्रमाणे ठरवावी लागेल. रोवलेल्या अँकर बोल्टचे माप एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत असे तुकड्यांत घेऊ नका. सर्व मापे एकाच आरंभबिंदूपासून घ्या, म्हणजे छोट्या चुकांची बेरीज होत नाही.

माप घेताना दरवाज्याची रुंदी, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, क्रेन उभी राहण्याची जागा आणि पावसात ट्रक आत येईल असा रस्ता आहे की नाही, हेही लिहून घ्या. शेतातून जाणारा कच्चा रस्ता जुलैत जड ट्रक पेलत नाही.

६. माल निवडा, मोजा आणि तोलून घ्या

डिझाइन करताना बाजारात जे मिळते तेच धरा. अँगल आणि चॅनल साधारणपणे ६ मीटरचे मिळतात, मोठे बीम १२ मीटरपर्यंत मिळतात, आणि प्लेट १२५० बाय २५०० किंवा १५०० बाय ६३०० मि.मी.च्या मापात येते. नागपूरच्या व्यापाऱ्याकडे नसलेला सेक्शन ड्रॉइंगवर लिहिला, तर शेवटी तो बदलला जातो आणि बहुधा तुम्हाला न विचारता बदलला जातो.

वजनाचे दोन हिशेब तोंडपाठ असू द्या. पोलादाच्या १ मि.मी. जाडीच्या एक चौरस मीटर प्लेटचे वजन ७.८५ किलो, म्हणजे १२५० बाय २५०० ची ६ मि.मी. जाड प्लेट सुमारे १४७ किलोची. गोल बारचे दर मीटर वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२.

हाच हिशेब फसवणूक पकडतो. आपल्याकडे लहान रोलिंग मिलचा मालही पुष्कळ येतो. त्यातला काही चांगला असतो, काही वजनात हलका असतो. ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचे वजन दर मीटर साडेचार किलो, म्हणजे ६ मीटरची लांबी २७ किलोची हवी. ५ मि.मी. जाडीच्या अँगलची तीच लांबी २३ किलोच्या आत भरते. माल उतरवताना एक नग काट्यावर ठेवा आणि व्हर्निअरने दोन्ही टोकांची जाडी घ्या. मी हे पहिल्या वर्षी केले नव्हते. ६ म्हणून आलेला अँगल ५ चा निघाला, हे कैचीचे वेल्डिंग पूर्ण झाल्यावर कळले.

महत्त्वाच्या भागांसाठी मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते हातात आल्यावर त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या एका वितळणीचा क्रमांक) प्लेटवर मारलेल्या नंबराशी जुळतो का, आणि यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणापुढे पोलाद कायमचे वाकते ती मर्यादा) प्रतीला शोभणारी आहे का, हे पाहा. आयएस २०६२ च्या ई २५० प्रतीत २० मि.मी.पेक्षा कमी जाडीला ती किमान २५० मेगापास्कल असते. जाडी वाढली की ही किमान मर्यादा उतरते. नंबर जुळत नसेल, तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच मालाचे आहे असे समजा.

७. भार ठरवा, छपराच्या बाबतीत वाऱ्यापासून सुरुवात करा

यंत्राचे वजन त्याच्या पाटीवर असते, पण प्लॅटफॉर्मवर प्रत्यक्षात काय ठेवले जाईल हे पाटी सांगत नाही. रुईची एक गाठ १७० किलोची असते. "इथे माल ठेवणार नाही" असे मालकाने सांगितले, तरी हंगामात जागा संपली की तिथे गाठी रचल्या जातात. एका चौरस मीटरवर किती गाठी बसतील ते पाहून भार धरा, आणि धरलेला भार प्लॅटफॉर्मच्या कठड्यावर ठळक अक्षरांत रंगवून घ्यायला सांगा.

छपराबाबत नवख्या माणसाची समजूत अशी असते की कैचीने पत्र्यांचे वजन पेलले म्हणजे झाले. अवकाळी वादळात गोदामाचे पत्रे उडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, त्याचे कारण इथेच आहे. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. या वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणले, तर दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोच्या आसपास दाब येतो. पुढे उंची, भूभाग आणि आकाराचे गुणक लागून हा आकडा बदलतो. पण पत्र्याचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला पाचेक किलोच असते, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. अशा हलक्या छपरावर वाऱ्याची ओढ वरच्या दिशेने असते, आणि आत शिरलेला वारा त्यात भर घालतो. भिंतीतील उघाड एकूण भिंतीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणक ०.२ धरतात, ५ ते २० टक्के असेल तर ०.५, आणि त्याहून जास्त असेल तर ०.७. कापसाच्या गाड्या थेट आत येतात अशी जिनिंगची शेड बहुधा मोठ्या उघाडाच्या गटातच मोडते. म्हणून पत्र्याचा स्क्रू, पर्लिनचा (पत्र्याखालच्या आडव्या दांड्याचा) कैचीशी जोडणारा क्लीट, कैचीचा खालचा रॉड, खांबाची बेसप्लेट आणि पायातला बोल्ट ही सगळी साखळी वर उचलणाऱ्या भारासाठी तपासायची असते. उलट भार आला की कैचीचा ताणात असलेला खालचा सदस्य दाबात जातो आणि बारीक असेल तर वाकतो. तिथे बाजूने आधार द्यावा लागतो.

एक मर्यादा पाळा. इमारतीच्या सांगाड्याची अंतिम तपासणी आणि सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची असते. तुम्ही मेकॅनिकलचे असाल, तर हिशेब जरूर करा, पण सहीसाठी तो कागद त्यांच्याकडे पाठवा.

८. हॉपर काढताना कोपऱ्याचा उतार पाहा

हे वेगळे लिहितो आहे, कारण ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. चौकोनी हॉपरच्या चारही भिंतींना ४५ अंशांचा उतार दिला, तर दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्याच्या रेषेचा उतार केवळ ३५ अंश भरतो. डाळ किंवा गहू भिंतीवरून घसरतो, पण कोपऱ्यात थर धरून बसतो, आणि मग माणूस काठीने ठोकत उभा राहतो. भिंतीचा उतार ६० अंश केला तर कोपऱ्याचा सुमारे ५१ अंश होतो. सरकीला तंतू चिकटलेले असल्यामुळे ती धान्यासारखी घरंगळत नाही. तिच्यासाठी आणखी उभा उतार लागतो. उंची कमी पडत असेल, तर कोपऱ्यात आतून तिरकी पट्टी टाकून तो बोथट करता येतो.

प्लेटचा उलगडा काढताना भिंतीची तिरकी उंची घ्यायची, समोरच्या दृश्यातली उभी उंची घ्यायची नाही. पुठ्ठ्याचा लहान नमुना कापून दुमडून बघा. दहा मिनिटे लागतात.

९. ड्रॉइंग असे काढा की फिटरला विचारावे लागू नये

माझ्या हातून झालेली एक चूक सविस्तर सांगतो. एका एलिव्हेटरच्या आधारासाठी आठ ब्रॅकेट हवे होते. मी एक ब्रॅकेट नीट काढला, मापे दिली आणि खाली "८ नग" लिहिले. तिसऱ्या दिवशी मोठ्या फिटर काकांनी मला बोलावले. आठही ब्रॅकेट जमिनीवर ओळीने मांडलेले होते, प्राइमर मारून लाल झालेले, आणि आठांचीही मजबुतीची पट्टी उजव्या बाजूला होती. काका म्हणाले, "साहेब, यातले चार तं डाव्या हाताचे पाहिजेत ना?" ते बरोबर होते. एलिव्हेटरच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेट लागणार होते, त्यामुळे चार सरळ आणि चार आरशातल्या प्रतिमेसारखे हवे होते. चार ब्रॅकेटची पट्टी कापून, घासून, पुन्हा वेल्ड करण्यात दीड दिवस गेला. तेव्हापासून मी "४ नग काढल्याप्रमाणे, ४ नग उलट हाताचे" असे लिहितो आणि उलट हाताच्या भागाला वेगळा क्रमांक देऊन त्याचे वेगळे चित्र काढतो.

असाच घोळ प्रोजेक्शनमुळे, म्हणजे वस्तूची दृश्ये कागदावर कुठे मांडायची या पद्धतीमुळे, होतो. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, पण काही सॉफ्टवेअरच्या तयार साच्यात थर्ड अँगल असते. त्यामुळे डावीकडचे दृश्य उजवीकडे येते आणि भाग उलटा तयार होतो. साचा एकदाच तपासून दुरुस्त करा आणि प्रत्येक कागदावर प्रोजेक्शनचे चिन्ह ठेवा. त्रिमितीय चित्र कोपऱ्यात दिले तर अर्धे प्रश्न मिटतात.

मापे फिटर जिथून टेप लावतो तिथून द्या. चॅनलवरची भोके चॅनलच्या एका टोकापासून सलग मोजता यावीत. हवेतल्या मध्यरेषेपासून दिलेले माप त्याला वजाबाकी करायला लावते, आणि शेडमधली वजाबाकी चुकते. जिथे अर्धा मिलिमीटर अचूकता खरोखर लागते, उदाहरणार्थ बेअरिंगच्या बैठकीला, तिथेच ती मागा आणि ती जागा वेल्डिंगनंतर मशीन करायची आहे असे लिहा. कैचीच्या लांबीवर अशी अचूकता मागितली, की पुढे तुमच्या कोणत्याच टॉलरन्सला (मापात चालणाऱ्या फरकाला) कोणी मान देत नाही.

१०. वेल्ड मोठा मागू नका, नेमका मागा

"सगळीकडे फुल वेल्डिंग" असे लिहिणे म्हणजे हिशेब टाळणे. फिलेट वेल्डचा (दोन प्लेटच्या कोपऱ्यात भरलेल्या त्रिकोणी वेल्डचा) पाय, म्हणजे प्लेटला लागलेली बाजू, ६ वरून ८ मि.मी. केला, तर ताकद एक तृतीयांशाने वाढते, पण भरायचा धातू सुमारे पावणेदोनपट होतो. रॉड, वेळ आणि उष्णता त्या प्रमाणात वाढतात, आणि उष्णतेने प्लेट वाकडी होते.

साधा हिशेब असा. ६ मि.मी.च्या फिलेटचा घसा (कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी) पायाच्या ०.७ पट, म्हणजे ४.२ मि.मी. ई २५० पोलादासाठी आयएस ८०० प्रमाणे कारखान्यात केलेल्या वेल्डची डिझाइन ताकद दर चौरस मिलिमीटरला सुमारे १८९ न्यूटन, तर जागेवर केलेल्या वेल्डची सुमारे १५८ न्यूटन धरतात. म्हणजे प्रभावी १०० मि.मी. लांबीचा वेल्ड कारखान्यात ७९ किलोन्यूटन घेतो आणि जागेवर ६६. परांचीवर उभे राहून, वाऱ्यात केलेल्या वेल्डला कमी गुण देण्यामागे कारण आहे, आणि त्यामुळे शक्य तेवढे वेल्डिंग शेडमध्ये संपवून जागेवर बोल्टने जोडणी ठेवणे मला योग्य वाटते. किमान मापही पाहा: जोडणीतली जाड प्लेट १० मि.मी.पर्यंत असेल तर ३, २० पर्यंत ५ आणि ३२ पर्यंत ६ मि.मी.

पावसाळ्यात रॉड ओलसर होतात. साध्या कामाचा ६०१३ रॉड थोडे सोसतो, पण जड कामाचा ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड भट्टीत तापवून कोरडा केल्याशिवाय वापरू देऊ नका. त्यातल्या ओलाव्यामुळे वेल्डशेजारी नंतर तडे जाऊ शकतात. हे ड्रॉइंगवरच टीप म्हणून लिहा.

११. बोल्ट, भोके आणि पाना

आयएस ८०० प्रमाणे एम १२ (१२ मि.मी. व्यासाच्या) बोल्टला १३, एम १६ ला १८, एम २० ला २२ आणि एम २४ ला २६ मि.मी.चे भोक ठेवतात. दोन बोल्टमधले अंतर व्यासाच्या किमान अडीचपट हवे. कडेचे अंतर यंत्राने कापलेल्या कडेला भोकाच्या दीडपट, आणि हाताने गॅसने कापलेल्या कडेला १.७ पट हवे.

कोष्टकात न मिळणारी गोष्ट मला एका डक्टच्या उभारणीवेळी वीस फुटांवरून ऐकू आली: "साहेब, बोल्ट तं जाते, पण पाना फिरवाले जागाच नाही." एम १६ च्या नटाला २४ चा पाना लागतो, एम २० ला ३० चा. नट चॅनलच्या आतल्या कोपऱ्यात ठेवला तर पाना बसत नाही, किंवा बसून फिरत नाही. प्रत्येक बोल्टभोवती पान्याचे डोके आणि त्याच्या दांड्याचा निदान साठ अंशांचा फेरा काढून पाहा.

लांब बीमच्या एका टोकाला लांबट भोके द्या. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेले लोखंड मेच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापते असे धरले, तर १२ मीटरचा बीम सुमारे ७ मि.मी. वाढतो. दुपारी जुळलेला बोल्ट सकाळी जुळत नाही, याचे कारण बहुधा तेच असते.

१२. कटिंग लिस्ट

६ मीटरच्या अँगलमधून १५०० मि.मी.चे चार तुकडे निघत नाहीत. तीन काप, प्रत्येकी कटिंग व्हीलची ३ मि.मी. जाडी, म्हणजे ९ मि.मी. कमी पडतात आणि चौथा तुकडा आखूड होतो. डिझाइन करतानाच तो १४९० करता आला, तर एक पूर्ण अँगल वाचतो. यादीत प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, सेक्शन, लांबी, नग, वजन आणि टोकाचा काप सरळ की तिरका, हे लिहा.

पत्रा वाकवायचा असेल तर सपाट लांबीत वाकाची वजावट करावी लागते. ३ मि.मी. पत्र्याच्या बाहेरून ५० बाय ५० मि.मी. मापाच्या काटकोनाला सपाट पट्टी १०० ची लागत नाही, सुमारे ९५ ची लागते. नेमका आकडा त्या प्रेस ब्रेकच्या डायवर ठरतो, म्हणून आधी एक नमुना वाकवून मोजा.

१३. वाहतूक आणि उभारणी

आपल्या नियमांनुसार वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. तीन मीटर रुंदीचा हॉपर एकसंध केला, तर तो कारखान्याच्या फाटकातच अडतो. त्याचे भाग कुठे पाडायचे, हे सुरुवातीलाच ठरवा. प्रत्येक भागाचे वजन ड्रॉइंगवर लिहा, उचलण्याचे कान गुरुत्वमध्याच्या वर येतील असे द्या, आणि भागांवर क्रमांक रंगाने न लिहिता पंचाने उमटवा, कारण रंग वाटेत खरवडला जातो.

१४. बदल झाला की जुना कागद परत घ्या

मालक फोनवर बदल सांगतो, तुम्ही संगणकावर तो करता, आणि शेडमध्ये मात्र जुना कागद तसाच राहतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सुधारणेचा क्रमांक, तारीख आणि काय बदलले ते एका ओळीत लिहा. नवा कागद देताना जुना हातातून परत घ्या आणि फाडा. फोनमधले जुने फोटोही पुसायला सांगा. एका डक्टच्या कामात आम्ही तीन सुधारणा केल्या होत्या आणि वेल्डर पहिल्याच फोटोवरून काम करत होता.

उभारणी पूर्ण झाल्यावर लाल शाई घेऊन पुन्हा जागेवर जा. जिथे भोक लांबवले, पट्टी वाढवली, बेसप्लेटखाली पॅकिंग टाकले, ते सर्व छापील प्रतीवर लाल रंगात नोंदवा, फिटरकडून एकदा वाचून घ्या आणि ती प्रत कारखान्याच्या फाइलमध्ये लावा. पुढच्या मेमध्ये त्याच मिलचे काम आले, की माप घ्यायला निघताना हीच प्रत सोबत न्यायची असते.